येळवशीचं कुलूप

मार्गशीर्ष सरत आला की नांदेडच्या बसस्टँडवर हरभऱ्याच्या हिरव्या पाल्याचा वास येतो. माणसं गाठोडी बांधून लातूरकडं निघालेली असतात. कुणाच्या पिशवीतून तुरीच्या शेंगा बाहेर लोंबतात, कुणाच्या काखेत आंबिलीसाठी घेतलेलं नवं मडकं असतं. येळवस आली. कॅलेंडरात वेळा अमावास्या छापतात, पण तोंडानं तसं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. त्या दिवशी लातूर शहर रिकामं होतं. दुकानं बंद, क्लासेस बंद, गल्लीत कुत्री तेवढी राहतात आणि झाडून सगळी माणसं कुणाच्या ना कुणाच्या रानात जाऊन शेंगा-पाल्याची मिसळ भाजी, म्हणजे भज्जी, आणि बाजरीचे वाफवलेले उंडे खातात. स्वतःचं रान नसलं तरी बिघडत नाही. बोलावणं आलं नाही असा माणूस त्या दिवशी शोधून सापडणार नाही.

मी हे सगळं खिडकीतून बघते. माझी खिडकी म्हणजे डेपोतली चौकशीची खिडकी. पुढं लोखंडी जाळी, जाळीला हात जाईल एवढं भोक आणि त्या भोकातून दिवसभर आत येणारे प्रश्न. "बाई, लातूर लागली का?" "देवणीला थेट हाय का बदलावं लागतंय?" मी बसून उत्तरं देते. बसून, हे मुद्दाम लिहिलं. उमेदीची सगळी वर्षं मी चालत्या गाडीत उभी राहून काढली. नांदेड–लातूर मार्गावर कंडक्टर होते. लोह्याला चहा, अहमदपूरला गर्दी आणि चाकूरला भांडण, असा आमचा दिवस ठरलेला. लोकांना वाटतं, कंडक्टर तिकिटं देतो. खरं तर तो दिवसभर नुसती हालचाल बोलत असतो. चला, सरका, धरा, उतरा, थांबा, येऊ द्या. एवढे शब्द काढून घेतले तर कंडक्टर मुका होईल.

येळवस आली की मला मात्र तो एक हिवाळा आठवतो. तो मी खाटेवर काढला, आणि त्या हिवाळ्यात एक तान्ही पोर हालचाल बघायला आणि ओळखायला कशी शिकते ते मी पाहिलं. फार जिज्ञासा होती म्हणून नव्हे. बघायला दुसरं काही नव्हतंच.

पाय मोडला तो पावसाळ्याच्या शेवटी. चाकूरच्या पुढं एका फाट्यावर ओढ्याला पाणी आलं होतं आणि गाडी मागं घ्यायची होती. गाडी मागं घेताना कंडक्टरनं खाली उतरायचं, मागं उभं राहून पत्र्यावर थाप मारत 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणायचं, ही आमची रीत. काळ्या मातीचा चिखल. पाय सटकला आणि मी थेट रस्त्याकडच्या चारीत गेले. गाडी जागच्या जागी थांबली, कारण आमचे ड्रायव्हर गफूरभाई थाप बंद झाली की डोळे मिटून ब्रेक दाबणारे. नडगी मात्र दोन ठिकाणी गेली. आत सळई घातली, वर मांडीपर्यंत प्लास्टर चढलं. नांदेडला मी एकटी राहते, करणार कोण? धाकटा भाऊ विनोद येऊन मला लातूरला त्याच्या घरी घेऊन गेला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मला खुर्चीत बसवून चौघांनी वर उचलून नेलं. लग्नात नवरदेवाला नेतात तशी मी गेले आणि मग वरच राहिले.

हॉलच्या कोपऱ्यात माझी खाट लावली. खिडकी होती, पण ती तेलाच्या मिलच्या मागच्या भिंतीकडं उघडायची. सोयाबीनचा हंगाम सुरू झाला, ट्रकांचे आवाज यायचे, हमालांची ओरड यायची, दिसायची मात्र भिंत. आवाजावरून मी ओळखायचे, हा ट्रक भरलेला आहे, हा रिकामा चाललाय. असं दिवसभर दुसऱ्यांचं जाणं-येणं ऐकत पडायचं. चार दिवसांत माझं डोकं फिरलं. विनोद म्हणायचा, "अक्का, लई हालू नको." मी म्हणायचे, "हालायला काय ठेवलंय माझ्याकडं?"

माझ्या आधीपासून त्या घरात एक जण असंच उताणं पडून होतं. विनोदची मुलगी मैत्री. मी गेले तेव्हा ती जेमतेम पालथी पडायला शिकलेली. तिची आई प्रज्ञा एका लॅबमध्ये रक्त तपासायला जायची. दुपारभर शेजारच्या शमीमभाभी फॉल-पिकोचं मशीन घेऊन आमच्याकडं येऊन बसायच्या आणि आम्हा दोघींवर लक्ष ठेवायच्या. खाली सतरंजीवर ती, वर खाटेवर मी, दोघी छताकडं बघत. घरात बुद्धाची एक शांत तसबीर होती, तिच्याकडं मैत्री ढुंकूनही बघायची नाही. बघायची पंख्याकडं. तो थांबलेला असला की तिच्या लेखी तो नव्हताच. बटण दाबलं की तिचे डोळे मोठे व्हायचे, पाय झाडायला लागायचे, जणू पंखा आत्ताच घरात आला.

मग माझ्या ध्यानात येत गेलं की हिला आधी वस्तू दिसतच नाही, आधी हालणं दिसतं. भिंतीवरची पाल अर्धा तास एका जागी असायची, ही तिच्या अंगावरून नजर फिरवायची. पाल सरकली की हिची मान वळली. वाळत घातलेली ओढणी वाऱ्यानं हालली की ओढणी जन्माला आली. आणि मी? मी त्या खाटेवर कपाटासारखी पडून होते. कित्येक दिवस त्या पोरीच्या जगात आत्या नावाचं कुणी नव्हतं. हे मला फार लागलं. चालत्या गाडीत माझ्या एका आवाजानं पन्नास माणसं आत सरकायची, आणि इथं एवढीशी पोर माझी दखल घेईना.

आमची ओळख शेवटी पायाच्या बोटांनी करून दिली. प्लास्टरच्या तोंडातून माझी बोटं तेवढी बाहेर होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोटं हालवत राहा. एका दुपारी मी कंटाळून बोटं हालवली आणि खालून एक हसू आलं. मी थांबले, हसू थांबलं. पुन्हा हालवली, पुन्हा हसू. शमीमभाभी मशीन थांबवून म्हणाल्या, "लो, बच्ची को फुफी मिल गई." फुफी म्हणजे आत्या. त्या दिवसापासून मी त्या घरात राहायला आले असं म्हणायला हरकत नाही.

थोडे दिवस गेले आणि तिला चमचा टाकायचा नाद लागला. माझ्या खाटेवर बसवली की माझ्या पाण्याच्या पेल्यातला चमचा उचलायचा, काठाबाहेर हात न्यायचा आणि सोडायचा. शमीमभाभी म्हणायच्या, "पडला." उचलून द्यायच्या. पुन्हा पडला. मग चेंडू पडला, बिस्किट पडलं, माझा चष्मा पडला. मला वाटायचं, पोरगी द्वाड आहे. हळूहळू कळलं, ती कामात आहे. चेंडू दाखवून चेंडू म्हणता येतं. तो तिथंच राहतो, त्याच्याकडं बोट करता येतं. पण पडणं कुठं दाखवायचं? बोट करेपर्यंत ते संपून गेलेलं असतं. खाली राहतो तो नुसता चमचा. म्हणून ती पुन्हा पुन्हा तीच गोष्ट घडवून बघत होती, वेगवेगळ्या वस्तूंनी, की या सगळ्यांत सारखं काय आहे. चमचा वेगळा, बिस्किट वेगळं, आवाज वेगळा, आणि आपली मोठी माणसं मात्र दर वेळी एकच शब्द म्हणतात. माझा चष्मा त्या अभ्यासात गेला.

प्रज्ञा तिला "दे" म्हणायची तेव्हा हाताचा तळवा वर करून पुढं धरायची. "ये" म्हणायची तेव्हा दोन्ही हात पसरायची आणि थोडी पुढं वाकायची. मैत्री द्यायला आणि यायला शिकली ती त्या तळव्यावरून आणि त्या वाकण्यावरून. मी झोपूनच म्हणायचे, "ये गं, ये." ती माझ्याकडं बघून हसायची आणि जागची हालायची नाही. माझ्या शब्दाला अंगच नव्हतं, तर त्याला कोण विचारणार?

तरी मला एक शब्द तिच्यापर्यंत पोचवता आला, आणि तोही तोंडानं नाही. दिवाळीच्या सुमाराला प्लास्टर कापलं. एका दुपारी तिला मी माझ्या चांगल्या पायाच्या मांडीवर बसवलं आणि स्टीलच्या पेल्यावर चमच्यानं दोन टोले दिले, टिंग टिंग. आमच्याकडं डबल बेल म्हणजे गाडी सोडा. मी मांडी वर-खाली करायला लागले. मग एक टोला, टिंग. सिंगल बेल म्हणजे थांबा. मांडी थांबली. तिनं श्वास रोखून माझ्याकडं पाहिलं. पुन्हा डबल बेल, पुन्हा गाडी सुरू. दोन-चार दिवसांतच असं झालं की डबल बेल ऐकली की माझी मांडी हालायच्या आधी तीच बसल्या जागी उड्या मारायला लागायची, आणि सिंगल ऐकली की जिथं असेल तिथं थबकायची. नांदेड–लातूर मार्गावर इतका शिस्तीचा प्रवासी मला कधी मिळाला नव्हता.

एकीकडं ती रांगायला लागली, धरून उभी राहायला लागली. घरातली प्रत्येक गोष्ट तिच्या वाटेत आली. आणि मी तिथंच. मला तिचा हेवा वाटायचा, सांगायला काही लाज नाही. डॉक्टर म्हणाले होते, हाड जुळलंय, आता वॉकर धरून भार द्यायला लागा, नाहीतर सांधे आखडतील. विनोदनं वॉकर आणून खाटेजवळ उभा केला. मी त्याला हात लावला नाही. दुखायचं म्हणून नव्हे. पाय खाली टेकवला की मला तो चिखल पायाखालून सुटल्यासारखा वाटायचा. प्रज्ञानं दोन आठवडे वाट बघून वॉकरवर मैत्रीची लंगोटं वाळत घालायला सुरुवात केली. मला ते बरंच वाटलं.

गफूरभाई एकदा भेटायला आले. ड्युटी संपवून, अंगाला डिझेलचा वास घेऊनच. खाटेशेजारी बसून चहा पीत म्हणाले, "अक्का, तुमच्या जागी नवं पोरगं दिलंय. बेल द्यायच्या आधी इचार करून राहतंय. गाडी न्हाई, वरात चालवून राहिलो मी." मी हसले. मग ते पेल्यात बघत म्हणाले, "संक्रांतीनंतर तुमची तपासणी हाय म्हणतेत. पाय धड दिसला न्हाई तर खिडकीवर बसवतील. मी तुम्हाला खिडकीत बघू शकत न्हाई, खरं सांगतो. उठा तुम्ही." ते गेले तरी डिझेलचा वास बराच वेळ खोलीत होता. खिडकी, हा शब्द मला त्या दिवसापासून गिळता येईना. जाळीच्या मागं बसून दुसऱ्यांच्या गाड्यांच्या वेळा सांगायच्या. त्यापेक्षा ही खाट काय वाईट, असंही एकदा मनात आलं, आणि मला माझीच भीती वाटली.

अशात येळवस आली. आमच्या घरी पूजाअर्चा नसते, पण येळवशीला रानात कुणी धर्म विचारत नाही. देवणीजवळ प्रज्ञाच्या वडिलांचं थोडं रान आहे. त्या वर्षी त्यांच्या नव्या विहिरीला पाणी लागलं होतं, म्हणून लेकीनं यायलाच पाहिजे असा त्यांचा निरोप होता. मैत्रीला खोकला होता आणि रानातला वारा बोचरा. शेवटी असं ठरलं की विनोद आणि प्रज्ञानं सकाळी जायचं, जेवून दुपारी परत यायचं. मैत्री माझ्याजवळ राहील, आणि कामं आवरली की शमीमभाभी येऊन बसतील. त्यांचे मियाँ धर्माबादला गेले होते, त्या कुठं जाणार नव्हत्या. भज्जीचा डबा, उंड्यांचं पातेलं, आंबिलीचं मडकं असं सगळं खाली गेलं. शेवटी विनोद बाहेर पडला. कडी लागल्याचा आवाज आला, पाठोपाठ कुलपाचा. तो आवाज मी ऐकला. पण मैत्री माझ्या कुशीत झोपली होती, माझीही सकाळची गोळी चढत होती, आणि येळवशीला घराला कुलूप लागणं यात कानाला वेगळं काही वाटलं नाही. विनोदच्या हातालाही वाटलं नव्हतं. जन्मापासून दर येळवशीला आमच्या घराला कुलूप लागत आलंय, त्याचा हात आपोआप फिरला.

बाकीचं मला नंतर कळलं. शमीमभाभी आल्या, त्यांनी कुलूप पाहिलं. त्या दिवशी लातुरात दाराला कुलूप म्हणजे माणसं रानात, यात शंका घ्यायला जागाच नाही. "बच्ची कू बी ले को गये, अच्छा हुआ," असं त्या दिराला म्हणाल्या, आणि त्याच्या गाडीत बसून त्याही कुणाच्या तरी रानात गेल्या.

मला जाग आली तेव्हा घर फार शांत होतं. मिल बंद, ट्रक बंद, जिन्यात पाऊल नाही. मैत्री केव्हाच उठून खाटेवरून उतरली होती आणि खाली चमच्याशी खेळत होती. मी शमीमभाभींना हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग कडीचा आणि कुलपाचा आवाज पुन्हा आठवला आणि सगळं एकदम कळलं. माझा फोन टीव्हीजवळ चार्जिंगला लावलेला. तेवढ्यात तो वाजला. प्रज्ञाच असणार. फोन टेबलावर थरथरत स्वतःच सरकायला लागला. मैत्री मान वर करून त्याच्याकडं एकटक बघत राहिली, आणि मीही बघत राहिले. चार पावलांवरची गोष्ट, आणि आम्ही दोघी तिच्याकडं नुसत्या बघणाऱ्या. वाजायचा थांबला. प्रज्ञाला वाटलं असणार, झोपल्या असतील.

मी खिडकीकडं तोंड करून ओरडले. भिंतीनं ऐकून घेतलं.

आणि मग नळ आला. लातुरात नळाला पाणी कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून बाथरूममधला नळ उघडा सोडून खाली मोठा टब लावून ठेवायची घराघरांत सवय. आवाज आला की घर धावतं. त्या दिवशी धावायला कुणी नव्हतं. आधी नळात हवा खडखडली, मग धार टबात पडायला लागली. मैत्रीची मान वळली. पडणारं, चमकणारं, न थांबणारं पाणी. तिच्यासाठी याहून मोठं काय असणार? बाथरूमचं दार उघडं होतं. ती हातागुडघ्यांवर निघाली.

"मैतू, थांब," मी म्हणाले. "ये, इकडं ये." तिनं वळून माझ्याकडं गोड हसून पाहिलं आणि पुढं गेली. इतके महिने झोपून म्हटलेले शब्द. त्यांच्यामुळं त्या घरात कधी काही थांबलं नव्हतं आणि कधी काही आलं नव्हतं. टबाच्या काठाला धरून ती उभी राहील, वाकेल, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. हातात पेला नव्हता, चमचा तिनंच खाली टाकलेला. मी खाटेवरून हात लांबवून चमचा उचलला आणि जवळ जे लोखंड होतं त्याच्यावर हाणला. तो वॉकर होता. टिंग.

मैत्री थबकली. एक हात उचललेला तसाच.

पण सिंगल बेल किती वेळ पुरणार? पाण्याचा आवाज चालूच होता. ती पुन्हा निघाली, मी पुन्हा टोला दिला, ती पुन्हा थांबली, पण या वेळी कमी. गाडीत असतं तर मी दोन ढांगांत पोचले असते. मी लंगोटं खाली फेकली, वॉकर ओढला आणि पाय खाली सोडला. चिखल सुटला. सुटू दे म्हटलं. मुठीत चमचा, मुठीतच वॉकरचा दांडा, अशी मी उठले. कळ डोक्यात गेली. वॉकर पुढं टेकवला की चमचा दांड्यावर आपटायचा, टिंग, मग पाय. टिंग, मग पाय. मी घामानं भिजले होते आणि तोंडातून जे शब्द येत होते ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

मैत्रीनं मागं वळून पाहिलं आणि खाली बसली. पाणी विसरली. तोंड उघडं, डोळे मोठे, पहिल्यांदा पंखा बघताना झाले होते तसे. का ते मला कळलं. त्या पोरीनं मला उभी कधी पाहिलीच नव्हती. तिच्या हिशेबात घरातली खाट उठून चालायला लागली होती. ती मान वर वर नेत माझ्याकडं बघत राहिली, आणि मी तिच्या बाजूनं पुढं जाऊन बाथरूमचं दार ओढून घेतलं. आत टब भरून पाणी वाहत राहिलं. वाहू दे.

मग मी दाराला पाठ लावून खाली घसरले आणि रडले. बाहेर कुलूप, आत मी, मांडीला टेकलेली ती. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं असं काही झालं नाही. उलट आपण किती पक्के अडकलो होतो ते पहिल्यांदा नीट दिसलं. मैत्रीला माझ्या रडण्यात रस नव्हता. ती वॉकरचा पाय धरून उभी राहिली आणि गुडघ्यांतून उड्या मारायला लागली. आमच्या खेळात त्याचा अर्थ एकच होता. मी म्हटलं, "बाई, जरा दम घेऊ दे." उड्या थांबेनात. मग उठले. तशीच फोनपर्यंत गेले. ती मागून रांगत आली, माझ्या टाचांकडं बघत.

विनोद आला तेव्हा त्याच्या हातातून किल्ली दोनदा पडली, ते मी आतून ऐकलं. दार उघडलं. प्रज्ञानं आत येऊन मैत्रीला उचललं आणि मग माझ्याकडं पाहिलं. मी खुर्चीवर बसले होते. "अक्का, तुम्ही इथवर कशा?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "चालत." विनोद बेसिनपाशी जाऊन तोंड धुवायला लागला, आणि बराच वेळ धूत राहिला.

पुढं काही आठवड्यांनी मैत्री पहिला शब्द बोलली. आई नाही, बाबा नाही. "चय." म्हणजे चल. मला म्हणायची, मी उठले की हसायची. एकदा वीज गेली आणि पंखा थांबला, तर छताकडं बघून दरडावून म्हणाली, "चय." चेंडूला म्हणायची, शमीमभाभींच्या मशीनला म्हणायची. चमच्याच्या पडण्यासारखंच, हा शब्दही कुणा एकाच्या अंगाला चिकटलेला नाही, तो सगळ्यांना लागतो, हे तिला कळलं होतं.

सगळ्यांना लागतो म्हणजे जवळजवळ सगळ्यांना. तपासणीत माझा पाय बरा निघाला, पण थोडा आखूड. चालत्या गाडीत दिवसभर उभं राहायला दोन्ही पाय सारखे लागतात. मला खिडकी दिली. मी घरी जाऊन पंखा पूर्ण वेगावर लावून रडले. गफूरभाई निवृत्त होईपर्यंत दुसऱ्या बाजूनं डेपोत शिरायचे, खिडकीसमोरून जायचे नाहीत. त्यांनी शब्द पाळला. आणि मी तेव्हापासून लातूरच्या गाडीत बसलेले नाही. भावाकडं जायचं तर रेल्वेनं जाते. येळवशीला तर नाहीच. आपल्या मार्गावर, आपल्याच गाडीत, दुसऱ्याच्या बेलवर बसून जायचं, हे माझ्यानं होत नाही. येळवशीची माझी सुटी मी दर वर्षी दुसऱ्या कुणाला देऊन टाकते आणि त्याचे आभार ऐकून घेते. विनोद आता कुलूप लावण्याआधी घरातली प्रत्येक खोली, अगदी संडाससुद्धा उघडून बघतो, असं प्रज्ञा सांगते. मी हसते. जाळीच्या आत बसून हसायची सवय झाली आहे.

आज दुपारी ड्युटी संपता संपता फोन वाजला. मैत्री. आता ती बालवाडीत जाते, तिला त्या दिवसातलं काहीच आठवत नाही, पण गोष्ट पाठ आहे, कारण ती तिला माझ्याकडूनच ऐकायची असते. "आत्या, येळवशीला येणार हायस का न्हाई?" मी म्हटलं, "बघते बाई, सुटीचं काय होतंय."  पलीकडून पेल्यावर चमच्याचा आवाज आला. टिंग टिंग.

डबल बेल झाल्यावर गाडी उभी ठेवता येत नाही. मी कुणाला सुटी दिली नव्हती अजून. खिडकीची फळी खाली ओढली, पिशवी घेतली आणि लातूरच्या गाडीकडं निघाले. गाडी उंड्या-भज्जीच्या सामानानं आणि माणसांनी गच्च भरलेली. दारात कंडक्टर उभी होती, नवीन पोरगी, मला ओळखत नव्हती. मी दांडा धरून आखूड पाय पायरीवर ठेवला आणि वर चढले.

"चला मावशी, आत सरका," ती म्हणाली.

मी सरकले.